लास मेदुलास: उद्ध्वस्त डोंगराला जागतिक वारसा म्हणावे का?

धागाकर्ता: स्पेनच्या लेओन प्रांतातील लास मेदुलास ही रोमनांची सोन्याची खाण १९९७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. हे स्थळ म्हणजे माणसाच्या विध्वंसक कृतींचे फलित आहे, असे सांगून थायलंडच्या प्रतिनिधीने त्या वेळी विरोध केला होता आणि माझ्या मते तो रास्त होता. दूरच्या डोंगरांतून कालव्यांनी आणलेले पाणी माथ्यावर साठवायचे, डोंगराच्या पोटात बोगदे खोदायचे आणि ते पाणी एकदम आत सोडून अख्खा कडा पाडायचा, अशी तेथील रीत होती. आज ज्यांची छायाचित्रे काढली जातात ते तांबडे सुळके म्हणजे त्या पाडापाडीतून उरलेले अवशेष आहेत.

प्रतिसाद १: वारसा यादी म्हणजे शाबासकी नव्हे. प्राचीन नदीगाळात सोने इतके विरळ होते की प्रचंड माती धुतल्याशिवाय ते हाती लागणे शक्य नव्हते, आणि त्यासाठी खडकात कोरलेले कालवे, बोगदे, राडारोड्याचे ढिगारे व वस्त्या हे सारे तेथे आजही एकत्र पाहता येते. या प्रदेशात अधिकारी राहिलेला रोमन लेखक थोरला प्लिनी लिहितो की पाण्याच्या चरांत काटेरी झुडपे अंथरत, त्यांत सोन्याचे कण अडकत, मग ती वाळवून जाळत आणि राख गवताळ मातीवर धूत. (भारताशी होणाऱ्या व्यापारात रोमचा पैसा वाहून जातो, अशी कुरकूर करणारा प्लिनी तो हाच.)

प्रतिसाद २: राख धुतली, पण गाळाचे काय? त्याने दरी अडली आणि कारुसेदो सरोवर तयार झाले. कॅलिफोर्नियात पाण्याच्या झोताने डोंगर फोडणाऱ्या कंपन्यांचा गाळ खालच्या शेतांत शिरला, तेव्हा शेतकरी न्यायालयात गेले आणि १८८४ साली न्यायमूर्ती सॉयर यांनी तो नद्यांत सोडण्यास मनाई केली. रोमन अमलाखालच्या स्थानिकांना अशी दाद कोणाकडे मागता आली असती? महिनोन्महिने दिवसाचा उजेड न पाहणाऱ्या मजुरांविषयीही प्लिनीनेच लिहिले आहे. तेवढे मात्र आपण सोयीस्करपणे गाळलेत.

प्रतिसाद १: गाळले खरे, पण ते मजूर सरसकट गुलाम होते असे पुरातत्त्वज्ञ आता मानत नाहीत, आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांकडून कराच्या रूपात हे श्रम घेतले जात, असे त्यांचे मत आहे.

धागाकर्ता: कर म्हटल्याने वेठ सौम्य होत नाही. ऑगस्ट २०२५ च्या वणव्यात तेथील चेस्टनटची झाडे होरपळल्यामुळे स्थळाला संरक्षण हवे, हे मला मान्य आहे. मात्र थायलंडचा आक्षेपही तेथील माहितीफलकावर असावा, एवढा माझा आग्रह आहे.