डिसेंबरात गावाकडे: कॅमेरा घेऊ की फोनच पुरे?

प्रेषक: अमळनेरकर, एडिसन (न्यू जर्सी)
प्रति: सर्व सभासद

मंडळी नमस्कार,

दिवाळीच्या फराळाच्या मेलामेलीत हा वेगळा विषय घुसवतोय, सांभाळून घ्या.

डिसेंबरात घरी चाललोय. भाचीचं लग्न आहे अमळनेरला. ते उरकलं की मेव्हण्याची गाडी घेऊन सारंगखेड्याची यात्रा, मधे एक दिवस अजिंठा, आणि उरलेला वेळ शेतात भरीत-पार्ट्या. यंदा फोटो नीट काढायचे असं ठरवलंय. आईला मोबाइलवरचे फोटो दिसत नाहीत, तिला मांडीवर घेऊन बघायला अल्बम लागतो.

हजारभर डॉलर बाजूला काढलेत. त्यात फोन बदलू, की मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा घेऊ? आताचा फोन जुना झालाय, पण मागे तीन कॅमेरे आहेत आणि चालतोय व्यवस्थित. यूट्यूबवर दोन्ही बाजूंचे वकील इतके हुशार आहेत की रोज रात्री माझं मत बदलतं. तुमच्यापैकी कोणी दोन्ही वापरलं असेल तर सांगा.

---

प्रेषक: भुसावळकर

फोन. पुढचा विषय घ्या.

(वांगी बामणोदची असतील तर फोटो नकोत, भरीतच घेऊन या.)

---

प्रेषक: शहाद्याची ताई

दादा, भुसावळकरांचं उत्तर लग्नापुरतं बरोबर आहे, सारंगखेड्यापुरतं नाही. सारंगखेडा आमच्याच तालुक्यातलं. दत्तजयंतीला तिथे गेलो नाही असं वर्ष लहानपणी आठवत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घोडा विकायचा तर त्याची चाल दाखवावी लागते. रेवाल चालीचा घोडा पळवत आणतात, बघ्यांची गर्दी, तापीकाठची धूळ, आणि तुम्ही लोकांच्या मागे टाचा उंच करून उभे. घोडा जवळ येईपर्यंत थांबलात तर पुढे कोणाचा तरी फेटा येतो. म्हणजे फोटो लांबूनच काढायचा, आणि तोही पळणाऱ्या जनावराचा. इथे फोनची अडचण सुरू होते. बोटांनी ओढून जवळ आणलेला घोडा हा खरं तर कापून मोठा केलेला घोडा असतो. फोनला वेगळी टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) लेन्स असली तरी तिच्यामागचा सेन्सर (उजेड टिपणारा तुकडा) बारका. उजेड कमी झाला की काही फोन गुपचूप ती लेन्स सोडून देतात आणि मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून दाखवतात. आपल्याला वाटतं झूम केलं.

आकडे सांगायचे तर बहुतेक महागड्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण १० बाय ७ मिलिमीटरचा असतो. तुमच्या पैशात बसणाऱ्या मिररलेसचा २२ बाय १५. उजेड गोळा करायला साडेचार पट जागा. भर दुपारी याचा फारसा फरक पडत नाही. पहाटे आणि संध्याकाळी पडतो, आणि यात्रा बघण्यासारखी त्याच वेळी असते.

दुसरं, हलणाऱ्या गोष्टी. कमी उजेडात फोन एकापाठोपाठ बरेच फोटो घेतो, ते एकमेकांवर बसवतो आणि त्यातून एक स्वच्छ फोटो तयार करतो. यासाठी समोरचं जागचं हलता कामा नये. माझ्या भावाने काठी गावच्या होळीचे फोटो असे फोनवर काढले होते. ती होळी पेटते पहाटे, सातपुड्यात मिट्ट अंधार, मोरपिसांचे टोप घातलेले बावे (होळीचे नाचे) त्या उजेडात नाचत असतात. फोटोत टोप दिसतात, तोंडं पुसलेली. कॅमेऱ्यात मोठ्या छिद्राची लेन्स लावून, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदना) ६४०० वर नेऊन, एका सेकंदाच्या अडीचशेव्या भागात तोच फोटो घेता येतो. दाणे दिसतील, पण माणूस माणूस दिसेल.

आता उलट बाजू. अजिंठ्यात मी कॅमेरा पिशवीत ठेवीन. चित्रं जपायची म्हणून आत उजेड अगदी मंद ठेवलेला असतो, फ्लॅशला बंदी, आणि ट्रायपॉड न्यायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. हातात धरलेल्या साध्या कॅमेऱ्याचे तिथे हाल होतात. फोनचा नाइट मोड (तेच फोटोवर फोटो बसवणं) मात्र तिथे कमाल करतो, कारण भिंतीवरचा पद्मपाणी पळत नाही. भिंतीसमोर जागाही कमी, तिथे फोनची रुंद लेन्स कामी येते. सोमवारी लेणी बंद असतात हे लक्षात ठेवा. आणि गाडी फर्दापूरजवळच ठेवावी लागते, पुढे बस.

म्हणून माझं मत: फोन बदलू नका. नव्या फोनने तुमचे लग्नाचे फोटो थोडे बरे येतील, घोड्यांचे तसेच राहतील. कॅमेरा घेणार असाल तर फक्त लांबच्या आणि पळणाऱ्या गोष्टींसाठी घ्या. कॅननचा आर-५० आणि ५५-२१० मिलिमीटरची लेन्स, असं काहीतरी. बॉडी बॅटरीसकट ३७५ ग्रॅम, लेन्स २७० ग्रॅम. ती लेन्स फुल फ्रेमच्या (जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबात ३३६ मिलिमीटरपर्यंत जाते, घोड्याला पुरते. टोकाला तिचं छिद्र एफ ७.१ इतकं बारीक होतं (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), त्यामुळे हळदीच्या रात्री ती बाहेरच काढू नका.

---

प्रेषक: भुसावळकर

ताई, एवढं वाचून मी अर्धा पाघळलोय. पण अजिंठ्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या गावचा मुद्दा मांडू द्या. भुसावळला मेजर रॉबर्ट गिलची कबर आहे. १८४४ च्या सुमारास कंपनी सरकारने त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं आणि हा माणूस आयुष्यभर तिथेच रमला. कॅनव्हासवर वर्षानुवर्षं काढलेल्या त्या नकलांपैकी बऱ्याच लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या होत्या, १८६६ च्या आगीत गेल्या. मधल्या काळात त्याने कॅमेराही हातात घेतला होता. लेण्यांचे त्याचे दुहेरी फोटो आहेत, चष्म्यातून बघितले की खोली दिसते असे. काचेच्या प्लेटा, रसायनं, सगळा संसार त्या डोंगरात. त्याला फोन दिला असता तर त्याने कॅमेरा मागितला नसता, एवढंच माझं म्हणणं.

---

प्रेषक: चाळीसगावकर

भुसावळकरांनी गिल काढला, मग आम्ही केकी मूस काढणारच.

नव्या सभासदांसाठी: केकी मूस (१९१२-१९८९) चाळीसगावात स्टेशनजवळच्या घरात राहायचे आणि घराबाहेर जवळजवळ पडतच नसत. टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून, दिवे फिरवून ते असे फोटो काढत की बघणाऱ्याला वाटावं माणूस बर्फात नाहीतर वाळवंटात जाऊन आला. त्या घरात आता त्यांचं संग्रहालय आहे, वाट वाकडी करून जा. मूसांना झूम लागली नाही, कारण विषय टेबलावर होता. अमळनेरकर, तुमचा विषय यात्रेत उधळलेला आहे. तेव्हा यांचं नाव घेऊन कोणी ‘यंत्र महत्त्वाचं नसतं’ म्हणायला लागलं तर ऐकू नका.

पैशाचं सांगतो. २०१० साली जगभरातल्या कंपन्यांनी मिळून १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले. २०२२ साली ८० लाखांच्या आसपास. साधे छोटे कॅमेरे फोनने खाऊन टाकले. त्यातच लोक डीएसएलआर (आत आरसा असलेले मोठे कॅमेरे) विकून मिररलेस घ्यायला लागले, म्हणून वापरलेले चांगले डीएसएलआर स्वस्त झालेत. दहा वर्षांपूर्वीचा २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर आणि ७०-३०० ची लेन्स नव्या मिररलेसच्या निम्म्यात पडावी. जड असतो, आवाज करतो, पण घोड्याला त्याचं काय? घेताना लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीची जाळी नाही ना ते मात्र बघा.

---

प्रेषक: जळगावकर मामा (मुलाच्या खात्यावरून)

नमस्कार. मुलगा तुमच्या मंडळात आहे, त्याने ही चर्चा दाखवली. मी जळगावला स्टुडिओ चालवला, आता तो पुतण्या बघतो. ताईंनी यात्रेचं बरोबर सांगितलं. मी लग्नाचं बोलतो.

भाऊ, तुमना कॅमेरा तुमनाजोडे ऱ्हाऊ द्या, लगीनमा कॅमेरावाला आमना शे.

अहो, भाचीचं लग्न म्हणजे तुम्ही मामा. नवरीला मांडवात तुम्ही आणणार, मंगलाष्टकं चालू असताना तिच्यामागे तुम्ही उभे राहणार. गळ्यात कॅमेरा अडकवून उभे राहिलात तर तुमची बहीण अक्षता सोडून तुम्हाला मारेल. शिवाय भाड्याच्या कॅमेरावाल्याच्या वाटेत पाहुण्यांचे कॅमेरे आले की त्याचे फोटो बिघडतात. त्याच्याशी आधीच बोलून ठेवा: मूळ फाइली पेनड्राइव्हवर पाहिजेत, नुसता अल्बम नको. तुम्ही खिशातल्या फोनवर काढा ते वेगळं. मागच्या खोलीत मुंडावळ्या बांधताना, आचारी बट्टी तळताना, म्हाताऱ्या आत्या रुसून बसलेल्या. ते आमचा माणूस काढत नाही, त्याला सांगितलेलं नसतं.

फोनवर काढाल तर तीन गोष्टी. पोर्ट्रेट मोडमध्ये मागचं धूसर करताना फोन नथीचा मोती आणि सुटलेले केस पुसून टाकतो. बायकांचे फोटो साध्या मोडमध्येच काढा, माणूस भिंतीपासून लांब उभा करा, झालं. हळदीला रंग आपोआप ठरवू देऊ नका. मांडवातले रंगीत दिवे बघून फोन गोंधळतो आणि पिवळी हळद कधी फिकी करतो, कधी नारिंगी. आणि फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते आवळून बारके होतात. आयफोनचे हाइक (HEIC) फाइलवाले फोटो गावच्या लॅबमध्ये कधी उघडतात, कधी नाही. सेटिंगमधून जेपीजी करून आणा.

आईच्या अल्बमची काळजी सोडा. १२ बाय ८ इंची प्रिंटला इंचाला ३०० ठिपके धरले तर नऊ मेगापिक्सेलसुद्धा लागत नाहीत. तुमचा जुना फोन १२ देतो.

डिसेंबरात येताय हे बरं. मे महिन्यात आमच्याकडे ४५ च्या पुढे जातं. आयफोन बनवणारे ३५ अंशांपर्यंत वापरा म्हणतात, कॅमेरेवाले ४० पर्यंत. उन्हात फोनचा पडदा आपोआप काळवंडतो आणि फ्लॅश बंद होतो, मग गिऱ्हाईक म्हणतं मोबाइल बिघडला.

---

प्रेषक: अमळनेरकर

मामा, बहिणीला तुमचा मेल वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘अक्षता सोडून’ नाही, अक्षतांसकट.

मग असं करतोय. फोन आहे तोच. लग्न, अजिंठा आणि भरीत त्याच्यावर. यात्रेसाठी वापरलेला डीएसएलआर आणि ७०-३००, चाळीसगावकर काकांनी सांगितल्यासारखा. मिररलेसच्या वजनाचा मोह होता, पण एफ ७.१ वाचून थांबलो. ७०-३०० सुद्धा टोकाला एफ ५.६ च आहे म्हणा, पण उरलेल्या पैशात एफ १.८ ची ५० मिलिमीटरची लेन्स बसते, आणि काठीच्या होळीचं ऐकल्यापासून मार्चमध्ये पुन्हा जाता येईल का याचा हिशेब चालू झालाय. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

ताई, एक शंका: पळत्या घोड्याला शटर किती ठेवू?

---

प्रेषक: शहाद्याची ताई

घोडा गोठवायचा असेल तर सेकंदाचा हजारावा भाग, सकाळच्या उन्हात सहज मिळतो. पण काही फोटो साठाव्या भागाने काढा, घोड्याच्या वेगाने कॅमेरा फिरवत. पाय आणि मागची गर्दी पसरते, डोकं स्पष्ट राहतं. बरेच फुकट जातील, फिल्म नाही, जाऊ द्या. फोकस सतत धरणाऱ्या मोडवर ठेवा. लेन्स यात्रेत बदलू नका, ती धूळ एकदा आत गेली की सेन्सरवर बसते.

जादाच्या बॅटऱ्या विमानात हातातल्या सामानात घ्या, चेक-इनमध्ये चालत नाहीत. आणि मालकाला विचारल्याशिवाय घोड्याच्या मागे जाऊ नका, तिथे झूम असून उपयोग नाही.