मदत हवी आहे: बँकेच्या ई-लिलावात घेतलेला फ्लॅट, बोलीच्या वर नेमके काय काय भरायचे?

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या बहिणीने पिंपरीतला एक वन बीएचके बँकेच्या ई-लिलावात घेतला. राखीव किंमत ५० लाख होती, बोली ५२,४०,००० ला सुटली. अनामत ५ लाख धरून २५ टक्के, म्हणजे १३,१०,००० रुपये, दुसऱ्याच दिवशी भरले. उरलेले ३९,३०,००० पुढच्या शुक्रवारपर्यंत भरायचे आहेत.

घोळ इथून पुढे आहे. नोटिशीत 'ज्ञात बोजा' (मिळकतीवरची माहीत असलेली देणी) या रकान्यात 'माहिती नाही' असे छापले आहे. अटींत शेवटून दुसरी ओळ अशी: 'लागू कर, थकबाकी व इतर आकार खरेदीदाराने भरावेत'. आकडा एकही नाही. पैसे भरल्यावर सोसायटीने ४,८६,००० ची थकबाकी हातात ठेवली, त्यात निम्म्याहून जास्त व्याज. बँक म्हणते, 'जसे आहे, जिथे आहे' तत्त्वावर विक्री आहे, आमचा संबंध नाही. शिवाय पूर्ण बोलीवर १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर), ५२,४०० रुपये, वेगळे मागत आहेत. तिची आयुष्यभराची बचत यात आहे, ती रात्र रात्र झोपत नाही. वाकबगार लोकांनी कृपया सांगा, यातले काय खरेच तिच्या माथी येते?

प्रतिसाद:

आधी शुक्रवारची रक्कम मुदतीत भरा. वादापायी ती अडवून धरू नका. मुदत चुकली तर सरफेसी (बँकांच्या कर्जवसुलीचा कायदा) नियम ९(५) प्रमाणे भरलेले पैसे जप्त होतात आणि २५ टक्के जप्तीवर सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केले आहे. मुदत हवीच असेल तर बँकेकडून लेखी घ्या, तोंडी शब्दावर राहू नका.

टीडीएस किमतीतूनच कापायचा असतो, वर नाही. ५२,४०० चे चलन भरा, प्रत बँकेला द्या, उरलेल्या रकमेतून तेवढे वजा करा. कुणाच्या पॅनवर कापायचा हे ईमेलवर विचारून घ्या.

थकबाकीचा प्रश्न अवघड आहे. वीजबिलाबाबत २०२३ च्या के. सी. निनान खटल्यात न्यायालयाने 'जसे आहे' ही अट खरेदीदाराच्या विरोधातच वाचली. पण सरफेसी नियम ८ प्रमाणे बँकेला ज्ञात असलेला बोजा नोटिशीत लिहावाच लागतो. म्हणून सोसायटीचे जावक रजिस्टर बघा. थकबाकीचे पत्र बँकेला आधी दिले असेल आणि त्यावर पोचेचा शिक्का असेल, तर 'माहिती नाही' हे खोटे ठरते. मग पैसे भरतानाच लेखी हरकत नोंदवा आणि सरफेसी कलम १७ खाली डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जाता येईल का, हे वकिलाला विचारा. मुदत ४५ दिवसांची आहे.

सोसायटीकडून महिनावार हिशोब मागा. २०१४ च्या आदर्श उपविधींत (सोसायट्यांच्या नमुना नियमांत) व्याज जास्तीत जास्त २१ टक्के आणि सरळव्याजच. चक्रवाढ लावली असेल तर आकडा बराच खाली येईल.

धागाकर्ता:

मनापासून आभार. सेक्रेटरींनी आत्ताच रजिस्टर दाखवले, मागच्या वर्षीचे पत्र आहे, पोचेवर गोल शिक्का आहे पण सही अस्पष्ट. एवढ्यावर भागेल का? पुण्यात डीआरटीची कामे करणारे कोणी वकील असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शुक्रवारच्या आत भेटायचे आहे.