मस्ट, हॅव टू, फोर्स, कम्पेल... या इंग्रजी शब्दांत नक्की फरक काय?

प्रश्न: डिक्शनरीत सगळीकडे 'भाग पाडणे' नाहीतर 'लागणे' एवढंच दिसतं, मग कुठे काय वापरायचं?

उत्तर १: मस्टमध्ये बऱ्याचदा बोलणाऱ्याचा आग्रह असतो, हॅव टू म्हणजे नियमामुळे करावं लागतं. पण खरी मेख नकारात आहे बघा, मस्ट नॉट म्हणजे करायचंच नाही आणि डोन्ट हॅव टू म्हणजे नाही केलं तरी चालेल, इथे गडबड झाली की अर्थच बदलतो.

उत्तर २: कोअर्स (coerce) राहिलं, म्हणजे धमकी किंवा दबावाने भाग पाडणं. कम्पेल जरा फॉर्मल, आतून वाटलेल्या ओढीलाही चालतं.

प्रश्नकर्ता: आजारपणामुळे नोकरी सोडावी लागली, तिथे?

उत्तर २: फोर्स्ड चालेल. कोअर्स्ड नको, त्याला दबाव टाकणारं कुणीतरी लागतं.