पालिकेच्या मराठी साइटसाठी कार्ड सॉर्टिंग: किती कार्डं, किती माणसं?

नकाशा_७: माहिती-रचनेच्या परिषदेत कार्ड सॉर्टिंग (पानांची नावं कार्डांवर लिहून लोकांना त्यांचे ढीग लावायला सांगणं) आणि ट्री टेस्टिंग (नुसता मेनू दाखवून लोकांना हवं ते पान सापडतं का ते बघणं) यांचं सत्र झालं. आता ते पालिकेच्या साइटला लावायचंय. पानं सुमारे 120, मेनू विभागवार: कर आकारणी, स्थापत्य, आरोग्य. सुरुवात कुठून?

खणकप्पा: 120 कार्डं कुणापुढे टाकू नका, माणूस मध्येच कंटाळतो. जास्त वापरातली 40 निवडा. 15 जण पुरतात. त्यात स्मार्टफोन जेमतेम वापरणारेही हवेत. ढिगांना नावं त्यांनाच देऊ द्या.

गोची कार्डांवरच्या शब्दांत असते. ‘जन्म दाखला’, ‘विवाह दाखला’, ‘थकबाकी नसल्याचा दाखला’ असं लिहिलंत की लोक ‘दाखला’ शब्द बघून तिन्ही एकत्र ठेवतात, अर्थ बघतच नाहीत. त्याऐवजी ‘जन्म दाखला’, ‘लग्नाची नोंदणी’, ‘घरपट्टी बाकी नसल्याचं पत्र’. जे कार्ड सारखं ‘इतर’मध्ये पडतं, त्याचा एकतर शब्द कळलेला नसतो, नाहीतर त्याला दोन घरं असतात. दुसरं असेल तर मेनूत दोन्हीकडे दुवा द्या, पान मात्र एकच ठेवा.

ओळंबा: 15 जण ढिगांसाठी ठीक. ट्री टेस्टला टक्केवारी काढायची असते, तिथे 50 च्या आसपास हवेत. प्रत्येकाला शोधायला कामं 8 ते 10. ‘घरपट्टी कुठे भराल?’ असं विचारलंत आणि मेनूतही ‘घरपट्टी’ असेल, तर ती परीक्षा नव्हे, कॉपी! असं विचारा: ‘फ्लॅट विकत घेतला, बिल अजून जुन्या मालकाच्या नावाने येतंय. कुठे जाल?’ बरोबर पानावर किती पोचले एवढंच मोजू नका. पहिला क्लिक कुठे पडला आणि किती जण मागे फिरले, तेही बघा.

रफार: अकारविल्हे सूची करणार असाल तर क्रम तपासा. नुसत्या युनिकोड क्रमाने (म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकांप्रमाणे) ‘ळ’ हा ‘ल’च्या मागोमाग येतो आणि ‘क्ष’ ‘क’मध्ये शिरतो, मराठी वाचक दोन्ही ‘ह’नंतर शोधतो. मराठी लोकेलची (संगणकातल्या भाषेच्या सेटिंगची) क्रमवारी लावा. सर्चमध्ये ‘शेतकऱ्यांसाठी’ची गंमत: ते ‘ऱ’ वापरूनही टाइप होतं आणि ‘र’, हलन्त, झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह) असंही. दिसायला सारखं, पण जुळत नाही. इंडेक्स (सर्चसाठीची शब्दसूची) करताना आणि शोधशब्द घेताना दोन्ही एकाच रूपात आणा. ‘मालमत्ता कर’ आणि ‘घरपट्टी’ समानार्थी म्हणून नोंदवा.

नकाशा_७: अधिकाऱ्यांना विभागाचं नाव मेनूत हवंच असलं तर?

खणकप्पा: मेनूत ‘घरपट्टी’, आणि त्या पानाच्या तळाशी ‘कर आकारणी व कर संकलन विभाग’, खिडकी क्रमांक आणि वेळेसकट. अडलेला माणूस विभाग तिथेच शोधतो.