मदत हवी आहे: पाईनफोनवर मोबियन, समुद्रात रेंज गेली की जीपीएस फिक्सच मिळत नाही

हर्णैकर
मंडळी, पाईनफोन (लिनक्सवर चालणारा फोन) आहे, त्यावर मोबियन ही लिनक्स सिस्टिम टाकलीय, सोबत फॉश (स्क्रीनचा इंटरफेस) आणि प्युअर मॅप्स हे नकाशाचं ॲप. बंदरात धक्क्यावर उभं राहिलं तर कधी फिक्स (म्हणजे जीपीएसवरून जागेचा पक्का ठाव) मिळतो कधी नाही, पण होडी सुवर्णदुर्गाच्या पलीकडे गेली आणि रेंज गेली की विषयच संपला. घरी कौलांखाली बसून मॅप उघडला तर मला थेट मुंबईत दाखवतं, पण ते जिओक्लू (ॲपना जागा सांगणारी सेवा) इंटरनेटच्या आयपी पत्त्यावरून अंदाज मारतंय एवढं कळतं, ते सोडा.

एमएमसीएलआय (टर्मिनलवरून मोडेम चालवायची कमांड) च्या लोकेशन-स्टेटसमध्ये जीपीएस-रॉ आणि जीपीएस-एनएमईए हे जीपीएसचे दोन्ही पर्याय इनेबल दिसतात. लोकेशन-गेट मारलं की जीएसव्हीच्या (दिसणाऱ्या उपग्रहांच्या) ओळीत 8-9 उपग्रह येतात, सिग्नल 17 ते 22, पण आरएमसीमध्ये (जागा-वेळ सांगणाऱ्या ओळीत) कायम व्ही (फिक्स नाही), ए (फिक्स आहे) काही होत नाही. जीपीएस उपग्रहाकडून येतं ना, मग नेट नसलं की का अडतं? काकांच्या होडीवरचा प्लॉटर (समुद्री नकाशावर होडीची जागा दाखवणारं यंत्र) सिमकार्डाशिवाय मस्त चालतो, आणि तांडेल (होडीचा प्रमुख) माझ्या फोनकडे बघून जे काय बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

टर्मिनलवाला
उपग्रह दिसतायत म्हणजे अँटेना मेलेला नाही, हे आधी बरं झालं. नेट लागतंच असं नाही, नेटने फक्त काम लवकर होतं. प्रत्येक उपग्रह आपली कक्षा (एफेमेरिस) दर 30 सेकंदांनी सांगत असतो, ती पूर्ण आणि न तुटता ऐकावी लागते, तीसुद्धा निदान चार उपग्रहांची. 17-22 सिग्नलला उपग्रह आहे एवढं कळतं, पण त्याचा डेटा नीट वाचता येत नाही, त्याला तिशीच्या आसपास लागतो. प्लॉटरचा अँटेना उघड्यावर वर बसवलेला असतो, तुमचा फोन खिशात नाहीतर केबिनमध्ये, हा एवढाच फरक. टपावर सपाट ठेवून बघा, सतत हातात घेऊन हलवू नका.

खाडीकाठ
वरचं बरोबर आहेच, पण धक्क्यावर रेंज असतानाच मदतीचा डेटा भरून घ्या ना. पाईनफोनमधला जीपीएस हा ईजी25-जी मोडेमच्या आत आहे आणि मोबियनवर ईजी25-मॅनेजर (तो मोडेम सांभाळणारा प्रोग्राम) मोडेम चालू होताना नेट असेल तर एक्स्ट्रा फाईल (उपग्रह लवकर सापडावेत म्हणून मदतीचा डेटा) उतरवून मोडेममध्ये टाकतो, ती काही दिवस चालते. म्हणजे नेट चालू असताना मोडेम एकदा रीस्टार्ट करायचा आणि मग होडीत बसायचं. आणि हो, फोनची तारीख-वेळ बघा!! वेळ चुकीची असेल तर ती फाईल असून नसल्यासारखी.

हर्णैकर
वेळेचं काय ते कळलं नाही, फोन आपोआप घेतो की.

खाडीकाठ
नेट असेल तर घेतो. बॅटरी काढून बाहेर चार्ज करता का? ह्या फोनमध्ये घड्याळाला वेगळी बॅटरी नाही, मुख्य बॅटरी निघाली की घड्याळ थांबतं, मग समुद्रात चालू केला की जिथे थांबलं तिथूनच पुढे.

टर्मिनलवाला
अजून एक, स्क्रीन बंद होऊन फोन झोपला की बऱ्याचदा मोडेम नवीन नंबर घेऊन उठतो, 0 चा 1 होतो, मग आधी इनेबल केलेलं सगळं गेलं. कमांडमध्ये मोडेमचा नंबर न लिहिता एनी (any) लिहा आणि होडीवर असताना ऑटो-सस्पेंड (फोन आपोआप झोपणं) बंद ठेवा. बॅटरी खाईल, पॉवर बँक न्या.

हर्णैकर
अपडेट देतो. बॅटरी रात्री बाहेरच चार्जरला लावतो, काल फोनची वेळ बघितली तर कित्येक तास मागे होती. आज धक्क्यावर नेट चालू करून वेळ बरोबर करून घेतली, मोडेम रीस्टार्ट केला, सस्पेंड बंद करून फोन टपावर डब्याच्या झाकणात ठेवला. सिग्नल 30 च्या वर, आरएमसीत ए आला आणि रेंज गेल्यावरसुद्धा फिक्स टिकला. मॅप मात्र कोरा, नुसता ठिपका दिसतोय.

खाडीकाठ
मॅप नेटवरून येतो म्हणून. ओएसएम स्काऊट सर्व्हर (फोनमध्येच नकाशे साठवून देणारं ॲप) टाका, आपल्या भागाचा डेटा घरी वायफायवर उतरवा आणि प्युअर मॅप्सला ऑफलाईन लावा. पण त्यात खडक आणि पाण्याची खोली नसते हां, होडी प्लॉटरवरच हाका.