मदत हवी आहे: उंच झाडांच्या जवळ स्टारलिंकची डिश कुठे बसवावी?

वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी घर आहे. फायबरचं इंटरनेट येत नाही, म्हणून स्टारलिंक, म्हणजे उपग्रहावरून मिळणारं इंटरनेट घेतोय. उत्तरेला २० मीटरवर डग्लस फरची रांग आहे, झाडं साधारण ३५ मीटर उंच. दक्षिणेला मोठं मोकळं अंगण. छताच्या दक्षिण उतारावर लावली तर चालेल ना, टीव्हीच्या डिशसारखी? की छतावर खांब लावून अजून उंच न्यावी?

प्रतिसाद १
टीव्हीची डिश विसरा. तिचा उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किमीवर एका जागी असतो, म्हणून ती दक्षिणेकडे बघते. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५०० किमीवरून सतत फिरतात आणि बहुतेकांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५३ अंशांनी कललेल्या आहेत, म्हणजे ५३ अक्षांशाच्या आसपास त्यांची गर्दी असते. तुमचं घर त्याच्या थोडं दक्षिणेला, त्यामुळे तिथून ते उत्तरेला दाटी करतात आणि डिशही तिकडेच कलते. म्हणजे तुमची फरची रांग ऐन वाटेत आहे.

क्षितिजापासून २५ अंशांच्या वरचं आकाश मोकळं हवं. छतावर ६ मीटर उंचीवरून ती झाडं ५५ अंशांपर्यंत आकाश झाकतील. डिश १ मीटर वर नेण्याचा फायदा झाडांपासून जेमतेम २ मीटर लांब जाण्याएवढाच. त्यामुळे छतावरच्या खांबाने काही साधणार नाही, डिश अंगणात न्या. दक्षिणेच्या भिंतीपासून ३५ मीटरवर ३ मीटरचा खांब ठोकलात, तर घराची रुंदी १० मीटर धरून झाडांच्या शेंड्यांचा कोन २६ अंशांवर येतो.

धागाकर्ता
सोबतची केबल १५ मीटरची आहे. मध्ये जोड देऊन वाढवू का?

प्रतिसाद २
अजिबात नको. त्याच केबलमधून डिशला वीज जाते. जोडात पाणी शिरलं की डिश अधूनमधून आपोआप बंद-चालू होत राहते आणि दोष शोधता शोधता जीव जातो. कंपनीची ४५ मीटरची अखंड केबल मिळते, ती घ्या. खांबावर चढणारी आणि घरातली लांबी आधी दोरीने मोजा.

जमिनीखालचा पाइप घेताना केबलची जाडी बघू नका, टोकाचा प्लग आत सरकेल एवढा घ्या. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोल ठेवा, पाणी तिथूनच गळून जाईल. भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा. खणण्याआधी काही दिवस ८११ ला फोन करा, गॅस-विजेच्या लाइनी फुकट आखून देतात.

प्रतिसाद ३
पण खांबासाठी काँक्रीट ओतायची घाई करू नका. केबल गवतावर पसरा आणि सोबतच्या स्टँडवर डिश त्याच जागी एक दिवस चालू ठेवा. अ‍ॅपमधला अडथळ्यांचा नकाशा हळूहळू भरत जातो. डिश जमिनीलगत असल्याने खांबापेक्षा थोडा जास्त लाल (झाकलेला) भाग दिसेल, तेवढी सूट द्या. चित्रपट बघून तपासू नका. व्हिडिओ आधीच साठवलेला असतो, दोन-चार सेकंदांची तूट कळतच नाही. तासभर व्हिडिओ कॉल लावा, त्यात ती लगेच कळते.