गोऱ्यांनी सांगोमा व्हावं का?

मेघना_पुणे:
दक्षिण आफ्रिकेत आणि एस्वातिनीत (पूर्वीच्या स्वाझीलँडमध्ये) गोरे लोकही सांगोमा होऊ लागलेत. सांगोमा म्हणजे तिथल्या काळ्या समाजातले, हाडं टाकून, पूर्वजांना विचारून दुखण्याचं मूळ सांगणारे. अमेरिकन पत्रकार जेम्स हॉल एस्वातिनीत रीतसर दीक्षा घेऊन सांगोमा झाला. यावर "ही काळ्यांच्या विद्येची चोरी आहे" असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. थ्वासा, म्हणजे शिकाऊ, आपल्या गोबेलाच्या, म्हणजे गुरूच्या, घरीच राहतो. पहाटे अंधारात उठायचं, अंगाला तांबडी माती फासायची, गुरूसमोर गुडघे टेकूनच बोलायचं, पडेल ते काम करायचं. शेवटी जमलेल्या गावासमोर लपवलेली वस्तू हुडकून दाखवायची. एवढं ज्याने केलं, त्याच्या कातडीचा रंग कशाला काढायचा?

रानजाई:
साफ असहमत. १९५७ च्या कायद्याने दक्षिण आफ्रिकेत पैसे घेऊन भविष्य सांगणंसुद्धा गुन्हा ठरवलं होतं. पारंपरिक वैद्यांना मान्यता देणारा कायदा आला तो थेट २००७ साली. ज्यांच्या आज्यांनी भीत भीत ही विद्या जपली, ते बाजूलाच राहिले आणि आता गोरे परदेशात तिची शिबिरं भरवतात. शिवाय बोलावणं येतं ते अमाद्लोझींचं, आपल्या पूर्वजांचं. गोऱ्याचे पूर्वज कोण? जमिनी बळकावणारेच ना?

सह्यवारा:
रानजाई, पूर्वज घरचेच लागतात असं नाही. स्वाझी सांगोमांच्या अंगात परक्या न्दाउ लोकांचे आत्मेही येतात. पूर्वजांनी लढाईत ज्यांना मारलं, ते वंशजांकडे येतात आणि सेवा करून घेतात, अशी श्रद्धा आहे. त्या हिशेबाने जमिनी बळकावणाऱ्याच्या नातवालाच बोलावणं यायला हवं!

रानजाई:
येऊ दे की. पण मग ते देणं झालं. देणेकरी कधी फी घेतो का? त्याने तिथेच राहावं, तिथल्याच आजाऱ्यांची सेवा करावी.

डर्बनवासी:
इथे डर्बनमध्ये वॉरविकच्या मुथी (पारंपरिक औषधांच्या) बाजारात सालींचे ढीग आणि धुपासाठी जाळायच्या इम्पेफोच्या जुड्या मांडून बायका बसतात. शहरात भारतीयांचीही मुथीची जुनी दुकानं आहेत. माझी तमिळ शेजारीण मुलाच्या आजारपणात सांगोमाकडेच गेली होती. सीमा केव्हाच ओलांडल्या गेल्यात. मला जास्त काळजी इसिभाहा या झाडाची वाटते. खोकल्यावर त्याची साल देतात, आणि ती इतकी ओरबाडली गेलीय की रानात झाड दुर्मिळ झालंय. नवा सांगोमा काळा असो की गोरा, साल त्यालाही लागणारच. त्याने झाडं लावली का, हे आधी विचारा.

मेघना_पुणे:
झाडाचं अगदी खरं. फीबद्दल रानजाईंचा राग समजतो, पण काळे सांगोमाही दक्षिणा घेतात, त्यावर त्यांचं पोट आहे. गोऱ्याला एवढंच विचारावं: गोबेला कोण, तिच्याकडे अजून जातोस का, आणि शिबिराच्या कमाईतलं तिला काय देतोस?

रानजाई:
आणि परदेशातल्या शिबिरात व्यासपीठावर तिला का बसवत नाहीस, हेही विचारा. याचं उत्तर मिळेपर्यंत माझा विरोध कायम.